‘अशी ही बनवाबनवी’ आणि घर नसलेली माणसे

१.
दिवाळीची सुट्टी लागली की पुण्यामुंबईच्या भाड्याच्या खोल्यांत, वसतिगृहांत आणि गावाकडच्या घरांत मित्रमंडळी जमतात. फराळाचे डबे उघडले जातात आणि साडेतीन दशकांहून जुना एक चित्रपट पुन्हा लावला जातो. पडद्यावरचा नट तोंड उघडण्याआधीच प्रेक्षक त्याचे वाक्य म्हणून मोकळे झालेले असतात. ‘अशी ही बनवाबनवी’ हा मराठीतील या सुट्टीच्या चित्रपटांचा मेरुमणी आहे. या धाग्याचे प्रतिपादन असे की, हा चित्रपट ‘निरागस काळा’चा पुरावा म्हणून पाहणे हा इतिहासावरचा अन्याय आहे. तो महाराष्ट्रातील घरटंचाईचा, भाडेकायद्याचा आणि उंबरठ्यावरच्या चौकशीचा एक विश्वसनीय दस्तऐवज आहे.

२.
या प्रतिपादनाला दोन बाजूंनी विरोध होतो. पहिली बाजू स्मरणरंजनाची. ‘तो काळ किती साधा होता, माणसे किती मोकळी होती’, हे तिचे पालुपद. दुसरी बाजू गंभीर अभ्यासकांची. तिच्या मते इतिहास शिलालेखांत, बखरींत आणि दफ्तरखान्यांत असतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या नऊवारीत तो कोठून असणार? गंमत अशी की, दोन्ही बाजू एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. चित्रपटाला काळाशी देणेघेणे नसते, असे दोघींनाही वाटते. एक त्याबद्दल चित्रपटाला कुरवाळते, दुसरी त्याच कारणाने त्याला हिणवते.

३.
आधी नोंदी. चित्रपट २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, निर्माते किरण शांताराम, लेखक वसंत सबनीस. कथाबीज हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटातले. म्हणजे बावीस वर्षांपूर्वीची कल्पना उचलून ती पुण्यात आणून बसवली गेली आणि प्रेक्षकाला ती शिळी वाटली नाही. हा पहिला पुरावा. जी अडचण बावीस वर्षांत सुटलेली नसते, तिच्यावरचा विनोदही शिळा होत नाही.

४.
कथेचा सांगाडा सर्वांना पाठ आहे. धनंजय माने पुण्यात भाड्याने राहतो. धाकटा भाऊ आणि दोन मित्र त्याच्याकडे येऊन पडतात. विश्वास सरपोतदारांच्या खोलीत हा संसार मावत नाही आणि डोक्यावरचे छप्पर जाते. लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात जागा आहे, पण ती फक्त विवाहित जोडप्यांना. चौघेही अविवाहित. मग दोघांना साड्या नेसाव्या लागतात. सुधा आणि पार्वती यांचा जन्म प्रेमातून होत नाही, खोडसाळपणातूनही होत नाही. एका अटीतून होतो.

५.
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न असा: ही अट ऐकून १९८८ च्या प्रेक्षकाने भुवया का उंचावल्या नाहीत? प्रहसनात सुरुवातीची एक गोष्ट प्रेक्षकाला बिनतक्रार पटावी लागते. तिच्यावर पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. लेखकाने लीलाबाईंच्या अटीचे लांबलचक समर्थन करण्याच्या भानगडीत पडण्याची गरज नव्हती. प्रेक्षागृहातील कित्येकांनी ती अट स्वतः ऐकलेली होती. जे समजावून सांगावे लागत नाही, तेच त्या काळाचे सामान्य ज्ञान असते आणि सामान्य ज्ञान दफ्तरखान्यांत क्वचितच सापडते.

६.
ही अट आली कोठून? उत्तरासाठी मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाने तीच वेळ पुन्हा आणली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई भाडेनियंत्रण कायदा मंजूर झाला. त्यात ‘प्रमाणभूत भाडे’ ठरले, तेही १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीवर. त्या तारखेनंतर भाड्याने दिलेल्या जागांसाठी पहिल्यांदा ठरलेले भाडे हाच आधार. हा कायदा तात्पुरता मानला गेला होता. मुदतवाढ मिळत मिळत तो विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला.

७.
या कायद्याने लक्षावधी सामान्य कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे प्रथम स्वच्छ शब्दांत मान्य केले पाहिजे. गिरणी कामगार, कारकून आणि शिक्षक शहराच्या मध्यभागी राहू शकले, ते त्याच्याच आधारावर. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. भाडे गोठले, महागाई गोठली नाही. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना. मालकांनी भिंतींकडे पाठ फिरवली, नव्या जागा भाड्याने देणे टाळले आणि ज्यांनी दिल्या त्यांनी कायद्याने निषिद्ध असलेली पागडी हातावर ठेवून घेतल्याशिवाय किल्ली सोडली नाही.

८.
१९७३ च्या दुरुस्तीने ही भीती वाढवली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला ‘परवानगी’च्या करारावर जागेत राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा आणि संरक्षण मिळाले. रहिवाशांच्या दृष्टीने हा न्यायच होता. मालकांनी मात्र त्यातून एक धडा घेतला: एकदा आत आलेला माणूस बाहेर काढता येत नाही. भाडे वाढवण्याचा अधिकार गेला, बाहेर काढण्याचा अधिकार आक्रसला. हाती उरला तो आत घेण्याचा किंवा न घेण्याचा अधिकार. मालकाची सारी सत्ता उंबरठ्यावर येऊन गोळा झाली. नाव काय, आडनाव काय, गाव कोणते, लग्न झाले आहे का, या प्रश्नांना इतकी धार चढली त्यामागचे हे एक मोठे कारण. लीलाबाईंची अट त्याच उंबरठ्यावरची आहे.

९.
सरपोतदारही या प्रकाशात निराळे दिसू लागतात. सुधीर जोशी यांनी अजरामर केलेला हा घरमालक सहसा ‘कंजूष म्हातारा’ म्हणून हसण्यावारी नेला जातो. पण सत्तर रुपयांवरून जीव टाकणारा घरमालक हे गोठलेल्या भाड्याच्या व्यवस्थेने घडवलेले माणूस आहे. खोलीत किती जण राहतात यावर त्याचे लक्ष असणे हाही केवळ स्वभावदोष नाही. पोटभाडेकरू ठेवणे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव देणे ही त्या कायद्यानुसार जागा परत मिळवण्याची कारणे होती. घरमालकाने भाडेकरूंची डोकी मोजावीत, अशी सोय कायद्यानेच करून ठेवलेली होती.

१०.
आता पुण्याकडे पाहावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या जुन्या पेठांतील हजारो घरे उद्ध्वस्त झाली. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवड परिसरात कारखानदारी वाढत होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्येच तेथे आली होती. पुढे बजाज आणि टेल्को आल्या. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र महानगरपालिका मिळाली. शिक्षण, नोकरी आणि कला यांच्या ओढीने पश्चिम महाराष्ट्रातील तरुण पुण्याकडे सरकत होते. धनंजय, शंतनू, सुधीर आणि परशुराम हे या स्थलांतराचे चार चेहरे आहेत. नोकरी, शिक्षण, संगीत, नाटक. शहराला चौघांचेही काम हवे आहे. चौघांच्या निजण्याची सोय मात्र शहराकडे नाही.

११.
मुंबईचा पडदा हेच दुखणे आधीपासून सांगत होता. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) चाळीतल्या गर्दीत एकांत न मिळणाऱ्या नवदांपत्याची कथा सांगतो. बासू चॅटर्जी यांनी तिचाच ‘पिया का घर’ (१९७२) केला. ‘घरौंदा’ (१९७७) मध्ये घरासाठी जमवलेली पुंजी बुडते आणि प्रेमाचा सौदा होऊ लागतो. हे चित्रपट एका रांगेत ठेवले की ‘बनवाबनवी’ एकटी राहत नाही. लग्न झालेल्यांना एकांतासाठी खोली नाही, लग्न न झालेल्यांना खोलीसाठी लग्न नाही: वीस वर्षांचा हा एकच प्रश्न आहे. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदाही तो सोडवू शकला नाही. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच गुंडाळला.

१२.
‘साधा काळ’ म्हणणाऱ्यांनी या रांगेकडे एकदा डोळे उघडून पाहावे. या चित्रपटातील एकही पात्र साधेपणाने जगू शकत नाही. खरे बोलले तर खोली जाते. म्हणून खोटे बोलावे लागते, ते टिकवण्यासाठी आणखी खोटे. पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग हा या साखळीचा कळस आहे. घरावरचा हक्क ‘कुटुंब’ असण्यावर अवलंबून असेल, तर कुटुंबाला पुढे वाढावेही लागते, मग ते पोटावर बांधलेले का असेना. प्रेक्षक हसतो ते या तर्काच्या निर्दय अचूकपणाला. निरागस काळात असा विनोद जन्मालाच येत नाही.

१३.
आता दुसऱ्या गटाकडे. ‘पुरुषाने साडी नेसली की हशा, हा स्वस्त विनोद आहे’, असा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. परंतु मराठी रंगभूमीवर साडी नेसलेल्या पुरुषाचा अर्थ एकच कधी नव्हता. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांची स्त्रीभूमिका सौंदर्याचा मानदंड मानली गेली. तमाशातला नाच्या निराळा आणि आचार्य अत्रे यांनी इंग्रजी प्रहसनावरून मराठीत आणलेली ‘मोरूची मावशी’ त्याहून निराळी. ‘बनवाबनवी’ने या परंपरेत एक नवा अर्थ घातला. येथे साडी हा निवासाचा परवाना आहे. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या वसंत सबनीसांना सोंगातून सत्तेची टिंगल कशी करायची हे नीट ठाऊक होते.

१४.
आणखी एक गोष्ट आक्षेपकांच्या नजरेतून निसटते. या कथेत मालमत्ता स्त्रियांकडे आहे. बंगला लीलाबाईंचा, धनंजय जेथे नोकरी करतो ते दुकान माधुरीचे. बेघर आणि नोकर आहेत ते पुरुष. सत्तेचा हा उलटा मांडलेला पट प्रहसनाच्या सोयीसाठी असेल. पण तो पाहताना लक्षात राहावे की, महाराष्ट्रात वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलींना जन्मतः समान हक्क देणारी दुरुस्ती १९९४ ची, म्हणजे चित्रपटानंतर सहा वर्षांची आहे. चित्रपटाला एक प्रश्न मात्र सुचलेला नाही. चार अविवाहित मुली पुण्यात खोली शोधत असत्या, तर त्यांनी कोणते सोंग घेतले असते? तसे सोंग उपलब्धच नव्हते. हे मौनही दस्तऐवजाचा भाग आहे.

१५.
सणाला आनंदी चित्रपट पुन्हा पाहणे ही काही मराठी माणसाचीच खोड नाही. अमेरिकेत नाताळाला फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ लावतात. तो डिसेंबर १९४६ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने अपेक्षेइतकी कमाई केली नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले. फुकट मिळणारा चित्रपट दूरचित्रवाणी केंद्रांनी दर नाताळाला वारंवार दाखवला आणि तो ‘परंपरा’ झाला. १९९३ मध्ये मूळ कथा आणि संगीत यांवरील हक्कांच्या आधारे हे मुक्त प्रक्षेपण थांबले, तोवर त्याने घराघरांत ठाण मांडले होते. ‘अनादिकालापासून’ चालत आल्यासारखी वाटणारी प्रथा एका कार्यालयीन चुकीतून जन्मली होती.

१६.
त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या चित्रपटाच्या पोटातही घराचाच प्रश्न आहे. नायक जॉर्ज बेली छोट्या ठेवींतून कामगारांना घरबांधणीसाठी कर्ज देणारी संस्था चालवतो. खलनायक पॉटर हा झोपडीवजा घरांची भाडी खाणारा धनिक. १९४६ मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरे मिळत नव्हती आणि त्याच वर्षी अमेरिकेला त्यासाठी तातडीचा गृहनिर्माण कायदा करावा लागला होता. पुढच्या वर्षी तेथील केंद्रीय तपास यंत्रणेच्या एका अहवालात, धनिक बँकवाल्याला खलनायक केल्याबद्दल या चित्रपटावर साम्यवादी प्रचाराचा संशय नोंदवला गेला. आज ज्याला ‘मनाला ऊब देणारा’ म्हटले जाते, तो एकेकाळी सरकारी दप्तरात संशयित होता. ‘तो केवळ चित्रपट आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ते दप्तर लिहिणाऱ्यांना चित्रपटाची ताकद अधिक कळली होती, असे खेदाने म्हणावे लागते.

१७.
न्यूयॉर्क आणि पुणे यांची ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. मनाला सुखावणारा चित्रपट सुखावतो, कारण तो एक खरी भीती आधी जागी करतो आणि मग तीन तासांच्या आत मिटवतो. भीती खोटी असती, तर सुखही फिके पडले असते. दोन्ही चित्रपटांत ती भीती घराची आहे. म्हणून पुन्हा पाहण्याच्या आनंदाला कोणी हलके लेखू नये आणि त्या आनंदाच्या नावाखाली भीतीचा इतिहासही कोणी पुसू नये.

१८.
कायद्याची पुढची कथा थोडक्यात. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, गोठवलेल्या प्रमाणभूत भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीला मुभा दिली, पागडीला कायद्याच्या चौकटीत आणले आणि परवानगीच्या नोंदणीकृत करारांना वेगळे स्थान दिले. मुदत संपलेल्या माणसाकडून जागा परत मिळवणे आता मालकाला पूर्वीइतके अवघड उरले नाही. म्हणजे ज्या भीतीने उंबरठ्यावरची चौकशी तीक्ष्ण केली होती, ती भीती कायद्याने बरीच कमी केली.

१९.
मग चौकशी कमी झाली का? दिवाळीला भाड्याच्या सदनिकेत जमून हा चित्रपट पाहणाऱ्या मित्रमंडळींनीच याचे उत्तर द्यावे. ‘बॅचलर चालणार नाहीत’, ‘फक्त फॅमिली’, ‘फक्त शाकाहारी’ हे शब्द त्यांनी दलालाच्या तोंडून आणि जाहिरातींत ऐकले-वाचले आहेत. २०११ च्या जनगणनेत भारतातील शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. घर आहे, माणूस आहे आणि मध्ये अट उभी आहे. कायदा बदलला तरी अट टिकली, याचा अर्थ तिचे मूळ केवळ कायद्यात नव्हते.

२०.
ते मूळ कोठे आहे, हे चित्रपटाने न सांगितलेल्या गोष्टीत दिसते. मानेबंधूंना आपले आडनाव लपवावे लागत नाही. साडी नेसली, कुंकू लावले की दार उघडते. पण ज्याचे आडनावच दाराशी अडते, त्याने कोणता वेष घ्यावा? सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातील भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम इच्छुकांना उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत अधिक नकार मिळतात, हे त्यात दिसून आले. २००५ मध्ये गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली होती. लीलाबाईंची अट हसण्यावारी नेता येते, कारण ती सोंगाने पार करता येते. सोंगाने पार न होणाऱ्या अटींवर कोणी प्रहसन लिहीत नाही.

२१.
म्हणूनच ‘तो काळ किती छान होता’ या वाक्याला विरोध केला पाहिजे. त्या वाक्याने दोन गोष्टी एकदम घडतात. १९८८ मध्ये घराविना फिरणाऱ्या तरुणांची धडपड पुसली जाते आणि आज तीच धडपड करणाऱ्याला ती आपली एकट्याची नामुष्की वाटू लागते. ज्याला दलालाने तिसऱ्यांदा परत पाठवले आहे, त्याला हे कळणे आवश्यक आहे की त्याच्या आधी एका अख्ख्या पिढीला परत पाठवले गेले होते, आणि तिने त्यावर मराठीतले सर्वांत लोकप्रिय प्रहसन रचून घेतले.

२२.
तेव्हा या सुट्टीत चित्रपट अवश्य पाहावा. संवाद नटाच्या आधी म्हणावेत, मनसोक्त हसावे. मध्यंतरात मात्र घरातील ज्येष्ठांना चार प्रश्न विचारावेत: पहिली खोली कोठे मिळाली, भाडे किती होते, पागडी दिली का, आणि दार उघडणाऱ्याने काय काय विचारले? जुन्या पेट्यांत भाडेपावत्या, करारनामे, घरमालकांची पत्रे पडून असतील. त्यांची छायाचित्रे काढून, तारीख आणि पत्ता लिहून ठेवावीत. महाराष्ट्राच्या शहरांचा भाडेकरूंनी सांगितलेला इतिहास अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. त्याची साधने वाळवी लागण्याच्या बेतात आहेत आणि सांगणारी माणसे सत्तरीच्या पुढे गेली आहेत. पुढची दिवाळी उजाडण्याआधी हे काम सुरू झालेले बरे.